शुगर-कोलेस्ट्रॉलचं चूर्ण विकाले गाडी आली तर हे वाचून ठेवा

सोयाबीन विकून झालं, कापसाची पहिली वेचणी घरात आली की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात या गाड्या फिरायला लागतात, कारण तेव्हाच शेतकऱ्याच्या खिशात दोन पैसे असतात हे त्यायले बरोबर माहीत असते. पांढरी जीप, वर भोंगा, मागं धन्वंतरीचं चित्र अन् बॅनर, "मधुमेह मुळासकट बरा, नसांचं ब्लॉकेज मोकळं, गोळ्या कायमच्या बंद". आमच्या गावात ती बाजाराच्या दिवशी आली, ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली टेबल मांडलं आणि फुकट शुगर तपासणी म्हटल्यावर काय, म्हाताऱ्यांची रांगच लागली.

माझे बाबा त्या रांगेत होते. मी तेव्हा अमरावतीला ड्युटीवर, पण शेजारच्या पोरानं मोबाईलमधे सगळा व्हिडिओ काढला होता, म्हणून त्यांची हातचलाखी नंतर नीट कळली.

आधी प्रत्येकाला एक पान चघळायला देतात. गुडमारचं पान, मधुनाशिनी म्हणतात ती. दोन मिनिटं चघळलं की साखरेची चिमूट हातावर ठेवतात, म्हणतात खाऊन पाहा काका. साखर मातीसारखी लागते, अजिबात गोड नाही! हे खरंच होते, त्या पानातल्या द्रव्यानं जिभेवरची गोड चव काही वेळ बंद पडते, थोड्या वेळानं आपोआप परत येते. रक्तातल्या साखरेशी त्या क्षणाचा काही संबंध नसते. पण बाबा मला फोनवर म्हणे, "अबे पोरा, साखर मेली न तोंडातच, मंग अंगातली काहून नाई मरणार?" आता याला काय उत्तर द्यावं.

पुढची गोष्ट त्याहून भारी. साखर ज्या बोटांनी खाल्ली त्याच बोटाला, न पुसता, सुई टोचली. मशीन खरी, पट्टीही खरी असेल, पण बोटाला साखर लागलेली असली की आकडा फुगून येते. बाबांचे आले 412. आईच्या हातापायातला जीवच गेला. मग चूर्णाची पुडी पाण्यातून पाजली, अर्ध्या तासानं पुन्हा टोचलं, या वेळी मात्र कापसानं बोट नीट पुसून. आले 187. लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे.

किमतीचं पण ऐका. "फक्त 60 रुपये" असं म्हणाले. बाबांना वाटलं डब्याचे. मुळ्या, भस्म, गुग्गुळ, अर्जुनाची साल सगळं समोरच मिक्सरमधे एकत्र दळलं आणि मग म्हणे 60 रुपये ग्रॅम, कोर्स 240 ग्रॅमचा, झाले 14,400. दळलेलं परत घेत नाही, आणि चारचौघात नाही म्हणायची लाज. सोयाबीनचे पैसे तिथंच गेले.

पैशाचं दुःख मी सोडलं असतं. पण त्यांनी बाबांच्या चालू गोळ्या बंद करायला लावल्या, शुगरच्या मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि कोलेस्ट्रॉलची अटोरव्हास्टॅटिन. "विलायती अन् जडीबुटी एकत्र घेतली तर किडनी जाते," असा दम दिला, त्यामुळं बाबांनी आमच्यापासून पण लपवलं. पहिले काही दिवस शुगर खरंच खाली आली आणि बाबा गावभर सांगत फिरले. मग एक दिवस वेचणीच्या नादात दुपारचं जेवण राहिलं, तर धुऱ्यावरच घामानं चिंब, हात थरथर, बोलणं असंबद्ध. मजुरीनं आलेल्या एका बाईला वाटलं दारू प्यायलेत. ग्रामीण रुग्णालयात नेलं तेव्हा शुगर 41.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की कोणती गोळी खाल्ली. काहीच नाही, फक्त चूर्ण. ते म्हणाले नुसत्या पाल्यापाचोळ्यानं शुगर इतकी पडत नाही, यात ग्लिबेनक्लामाइडसारखी शुगर उतरवणारी विलायती गोळी कुटून टाकली असावी, अशा चूर्णात ती सापडल्याचं आधीही झालेलं आहे. त्या गोळीचा असर लांब चालते, ग्लुकोजच्या सलाईननं शुगर वर आली तरी पुन्हा पडू शकते, म्हणून रात्रभर ठेवून घेतलं आणि घंट्या-घंट्यानं तपासत राहिले. म्हणजे ज्या विलायती गोळीला शिव्या घालत होते तीच बहुतेक 60 रुपये ग्रॅमनं खाऊ घातली, ते पण मात्रा न सांगता! आणि कोलेस्ट्रॉल? ते दुखत नाही न खुपत नाही, म्हणून त्यात कोणी काहीही सांगते. खरी गोळी बंद होती, रिपोर्ट काढला तर एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल, आधीपेक्षा कितीतरी वर.

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, आमच्या घरी मेथी अन् जांभळाच्या बियांची पूड आजीच्या काळापासून आहे. पण परवान्यावर बनलेल्या आयुर्वेदिक औषधाच्या डब्यावर लायसन्स नंबर, बॅच नंबर, कंपनीचा पत्ता, तारीख असते. या डब्यावर नुसतं "100 टक्के शुद्ध" लिहिलेलं. आणि मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणंच 1954 च्या औषध व जादूटोणा उपाय कायद्याखाली गुन्हा आहे, त्या यादीत मधुमेहाचं नाव आहे, बीपी आणि हृदयरोगाचं पण. तुमच्या गावात असा बॅनर दिसला तर आधी फोटो काढा, गाडीचा नंबर येईल असा, आणि पैसे दिलेच असतील तर डबा फेकू नका. आम्ही उरलेलं चूर्ण जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात तक्रारीसोबत दिलं. त्या गाडीवाल्यांचा मोबाईल नंबर तर कधीचाच बंद.

शुगर खरंच उतरली का ते पाहायचं असेल तर एचबीए1सी ही रक्ताची तपासणी करा, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी येते, पान चघळून ती बदलत नाही. घरच्या मशीनवर तपासायचं तर आधी हात साबणानं धुवा, कोरडे करा.

गावातले दोघं अजून तेच चूर्ण खातात, म्हणतात आम्हाले तर फरक आहे. आशाताईंना त्यांच्या घरी पाठवलं आहे, एक तर दारच उघडत नाही, दुसऱ्यानं निदान दुपारची भाकर वेळेवर खाईन इतकं कबूल केलं.