डीटीएच, फ्री डिश आणि ओटीटी: मराठी घराने पैसे कशावर खर्च करावेत?

पुण्यातील घरात डीटीएच (खासगी कंपनीची सशुल्क डिश सेवा) आणि फायबर इंटरनेटवरील ओटीटी (मालिका-चित्रपट दाखवणारी अ‍ॅप), तर चिपळूणजवळच्या गावातील घरात दूरदर्शनची बिनभाड्याची फ्री डिश, अशी आमच्या कुटुंबाची सध्याची व्यवस्था आहे. या तिन्ही सेवा रोजच्या वापरातल्या असल्यामुळे 'आता डीटीएच काढून टाकावे का' असे कोणी ना कोणी नातेवाईक विचारतोच, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा होकारच ऐकायचा असतो. माझा अनुभव मात्र इतका सरळ होकार देत नाही. ज्या घरात मुख्यतः मराठी मालिका आणि बातम्या पाहिल्या जातात, त्या घराला डीटीएच आजही स्वस्त पडते. फक्त कंपनीने गळ्यात मारलेला पॅक, म्हणजे वाहिन्यांचा ठरावीक संच, मोडण्याची तयारी हवी. जिथे चित्रपट आणि वेब सीरिजचीच आवड आहे तिथे ओटीटीला पर्याय नाही, पण तिथेही एकाच महिन्यात चार-चार सेवांचे पैसे भरण्याचे कारण मला दिसलेले नाही.

आधी डीटीएचचा हिशेब पाहू. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरव्यवस्था १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आली आणि हवी ती वाहिनी सुटी घेण्याची सोय ग्राहकाच्या हाती आली. बिलाचे दोन भाग असतात. एक जोडणीचे शुल्क, ज्याला एनसीएफ म्हणतात, आणि दुसरा निवडलेल्या सशुल्क वाहिन्यांचा. दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. एनसीएफची मूळ मर्यादा बरीच वर्षे १३० रुपये होती. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती काढून दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना दिली, त्यामुळे आपल्या कंपनीचा आजचा आकडा तिच्याच अ‍ॅपवर पाहून घ्यावा. जी वाहिनी पॅकमध्ये घातली जाते तिची सुटी किंमत महिन्याला १९ रुपयांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. एनसीएफ १३० रुपये धरला आणि झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी व सोनी मराठी या चारही वाहिन्या १९ रुपयांच्या कमाल दराने घेतल्या, तरी करासह बिल २४३ रुपयांच्या आसपास थांबते. सह्याद्रीसह दूरदर्शनच्या वाहिन्यांना आणि निःशुल्क वृत्तवाहिन्यांना त्याखेरीज वेगळे पैसे पडत नाहीत.

आमचे बिल एकेकाळी याच्या जवळजवळ दुप्पट होते, आणि त्याचे कारण पॅक हेच होते. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ही रीत बहुतेक सगळ्यांचीच असावी. अ‍ॅप उघडले की प्रथम 'तुमच्यासाठी सुचवलेला पॅक' असे मोठी रंगीत चौकट समोर येते, त्याखाली आणखी पॅक येतात, आणि सुट्या वाहिन्यांची यादी शोधण्यासाठी पानाच्या तळापर्यंत बोट सरकवत जावे लागते. ती सापडल्यावरही चालू पॅक काढून टाकल्याखेरीज सुटी वाहिनी जोडता येईना, आणि पॅक काढायला गेलो की 'आपण या वाहिन्या गमावाल' अशी सूचना येऊन न पाहिलेल्या वाहिन्यांची लांबलचक यादी डोळ्यांपुढे उभी राहायची. ग्राहक सेवेतील मुलगा बोलायला अतिशय नम्र होता, पण 'सर, पॅकमध्ये तुम्हाला फायदा आहे' या वाक्यापलीकडे तो हलेना. शेवटी सुट्या वाहिन्यांचे क्रमांक कागदावर लिहून त्याला एकेक वाचून दाखवले, तेव्हा काम झाले. एवढी चिकाटी दाखवण्याची तयारी नसेल तर डीटीएच स्वस्त आहे, या माझ्या विधानाला अर्थ उरत नाही.

आता याच चार वाहिन्या ओटीटीवर पाहायच्या म्हटले तर काय होते? झी मराठीसाठी झी५, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या दोन्हींसाठी जिओहॉटस्टार घ्यावे लागते. डिस्ने प्लस हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकत्र होऊन १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार सुरू झाले म्हणून निदान दोन वाहिन्या एका छताखाली आल्या, नाहीतर अ‍ॅपची संख्या आणखी एकाने वाढली असती. सन मराठी पाहणाऱ्या घराला सन नेक्स्टही लागते. म्हणजे मालिकांच्या निष्ठावंत प्रेक्षकासाठी ओटीटी हा तीन-चार रिचार्जचा, तीन-चार पासवर्डचा आणि तीन-चार वेगवेगळ्या मांडण्यांचा मामला आहे, आणि त्याखाली इंटरनेटचे भाडे आहेच. फायबरचा प्राथमिक प्लॅन ३९९ रुपयांचा, करासह ४७१ रुपयांचा, धरला तर केवळ मालिकांसाठी इंटरनेट घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होतो. मुलांच्या अभ्यासासाठी किंवा घरून कामासाठी ते आधीच घेतलेले असेल, तर अर्थात हिशेब बदलतो.

ओटीटीचे मोठेपण दुसरीकडे आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग तिथे साधारण वीस-बावीस मिनिटांत संपतो, कारण मधला उरलेला वेळ वाहिनीवर जाहिरातींचा असतो. नियमाप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटे जाहिरात दाखवता येते, त्यांतील १० व्यावसायिक आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या; प्रत्यक्षात रात्री आठ ते दहा या वेळेत बसून पाहणाऱ्याला हा नियम कुठे दिसत नाही. मात्र ओटीटी म्हणजे जाहिरातींपासून कायमची सुटका, असेही आता राहिलेले नाही. अ‍ॅमेझॉन प्राइम व्हिडिओने जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ किंवा महिन्याला १२९ रुपये जादा मागितले. १,४९९ रुपयांचे वार्षिक सदस्यत्व घेतलेल्याला हे वर्मी लागावे असेच आहे.

तरीही ओटीटीत एक मोठी सोय आहे: तिथून महिन्याभरात निघून जाता येते. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये दर उतरवले तेव्हा टीव्हीवर चालणारा सर्वांत स्वस्त प्लॅन १९९ रुपयांचा झाला, त्यात एकाच पडद्यावर ७२० पिक्सेलचे चित्र मिळते, आणि ज्याला एवढे पुरेसे आहे त्याने एक महिना घेऊन हवे ते पाहावे व बंद करावे. पुढच्या महिन्यात दुसरी सेवा घ्यावी. आमच्याकडे सध्या हेच चालते आणि यात काहीही चुकल्यासारखे वाटत नाही, उलट 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून बाजूला ठेवलेल्या यादीतील निम्म्या गोष्टींची इच्छाच मावळते. सदस्यत्व आपोआप पुढे चालू राहण्याची भीती वाटत असेल त्यांनी हे लक्षात ठेवावे की रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ पासूनच्या नियमांनुसार कार्डावरून अशी रक्कम वळती होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकू नये. दोन घरांत नेटफ्लिक्सचे एक खाते चालवण्याचे दिवस मात्र सरले. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ मध्ये भारतातही ते बंद केले, त्यामुळे पुण्यातल्या लेकीचा पासवर्ड साताऱ्यातल्या आईबाबांच्या उपयोगी पडत नाही.

रिमोटचा विषय मला दरांइतकाच महत्त्वाचा वाटतो. आमच्या आईच्या हातात डीटीएचचा रिमोट आला की ती चष्मा न लावता, अंगठ्यानेच चाचपून, तीन आकडे दाबते आणि संध्याकाळी सातच्या सह्याद्रीच्या बातम्या लागतात. रिमोटवरच्या प्लास्टिकच्या पिशवीतूनही तिचा नेम चुकत नाही. स्मार्ट टीव्हीवर तीच बाई आधी कोणाचे प्रोफाइल, मग कोणते अ‍ॅप, मग कोणती मालिका, मग 'पुन्हा पाहा' की 'पुढचा भाग' या प्रश्नांच्या फेऱ्यात अडकते आणि नातवाला हाक मारते. आवाजाने शोधण्याची सोय मराठी नावे बऱ्यापैकी ओळखते, हे मान्य. पण घरात चार माणसे बोलत असताना टीव्हीशी मोठ्याने बोलणे तिला प्रशस्त वाटत नाही. ज्या घरात ज्येष्ठ दिवसभर एकटे असतात तिथे केवळ या एका कारणासाठी डीटीएच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रिकेटबाबत दोन गोष्टी कमी जणांना ठाऊक असतात. पहिली म्हणजे ओटीटीवरील थेट प्रक्षेपण डिशपेक्षा उशिरा दिसते. चित्राचे छोटे तुकडे करून ते सर्व्हरवरून आपल्याकडे येतात, काही तुकडे आधी साठवले जातात आणि मग दिसू लागतात. यात अनेक सेकंद जातात, आणि शेजारच्या घरातून आरोळी उठते तेव्हा आपल्या पडद्यावर गोलंदाज अजून धावतच असतो. दुसरी गोष्ट कायद्याची आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते, पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या जाळ्यापुरतेच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये हे स्पष्ट केले. त्यामुळे भारताचा जो सामना गावातील फ्री डिशवर फुकट दिसतो, तोच पुण्यात पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवरील दूरदर्शनच्या वाहिनीवर दिसत नाही. आयपीएल या यादीत नाही, तिच्यासाठी पैसे मोजावेच लागतात.

फ्री डिशबद्दल सांगायचे तर डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला महिन्याचे भाडे नाही. छत्री, म्हणजे डिश अँटेना, आणि सेट टॉप बॉक्स यांचा एकदाच काय तो खर्च. तिच्यावरील जागांचा खासगी वाहिन्यांसाठी लिलाव होतो, म्हणून आज दिसणारी मराठी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही, आणि सशुल्क मोठ्या मालिका-वाहिन्या तिथे शोधू नयेत. ज्यांना छत्री बसवणे शक्य नाही त्यांच्यासाठी प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात वेव्हज हे अ‍ॅप आणले असून दूरदर्शनच्या वाहिन्या त्यावर थेट दिसतात.

पावसाळ्यात मात्र फ्री डिश काय आणि डीटीएच काय, दोन्ही सारख्याच हतबल होतात. उपग्रहावरून येणाऱ्या या लहरी जोराच्या पावसात क्षीण होतात, आणि कोकणात जुलैच्या एखाद्या संध्याकाळी 'सिग्नल उपलब्ध नाही' ही पाटी तासभर हलत नाही. फायबरला पावसाचे भय नाही, पण रस्ता खोदणाऱ्या जेसीबीचे आहे, आणि वीज गेली की इन्व्हर्टरवर टीव्हीबरोबर राउटरही जोडलेला असावा लागतो. मोबाइलच्या डेटावर भिस्त ठेवणाऱ्यांनी एवढाच हिशेब करावा की एचडी चित्राला तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो, म्हणजे रोज दीड जीबी मिळणाऱ्या प्लॅनमध्ये एक मालिका पाहून झाली की रात्रीचे बाकीचे कामकाज संपले.

घरात लहान मुले असतील तर ओटीटी घेतल्याच्या दिवशीच वयानुसारचे कुलूप लावून घ्यावे. २०२१ च्या नियमांनी यू/ए १३+ (तेरा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या देखरेखीखालीच पाहावेत असे) आणि त्यावरील कार्यक्रमांसाठी ते बंधनकारक केले आहे, पण ते चालू करणे आपल्याच हाती असते. आणि डीटीएच नकोच असे ठरले, तरी छतावरची डिश उतरवून भंगारात देण्याआधी सेवा काही काळ स्थगित ठेवून पाहावी. नियमांत तशी सोय आहे, आणि घरातील ज्येष्ठांची खरी तक्रार काय आहे ते पहिल्या आठवड्यातच कळते.