सोयाबीनचा वायदा दाखवणाऱ्यांपासून सावध राहा

आमचं गाव वाशीम जिल्ह्यातलं. २०२४ च्या दिवाळीआधी सोयाबीन निघालं तेव्हा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये, आणि बाजार समितीत बोली लागत होती चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीला ओल १२ टक्क्यांच्या आत पाहिजे होती, आमच्या मालात जास्त निघाली. खताची उधारी, मजुरी अंगावर. माल अडतीवर घालावा लागला.

त्याच सुमारास तालुक्याच्या गावचा, ओळखीतलाच एक पोरगा घरी आला. "काकू, माल इकला तं इकला, भाव कायले सोडता? तेवढंच सोयाबीन ॲपवर घेऊन ठेवा. थोडी रक्कम भराची, भाव चढला का फरक तुमचा." २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं, ते इथं कोण विसरलंय? शिवाय त्याचं म्हणणं तत्त्वतः खोटं नव्हतं. घरातला माल विकूनही पुढच्या भाववाढीत वाटा ठेवता येतो, वायदे बाजारात, म्हणजे पुढच्या महिन्याच्या मालाचा सौदा आजच ठरतो तिथं, तशी सोय असते. म्हणूनच ही फसवणूक पटकन ओळखू येत नाही.

ॲपवर 'सोयाबीन डिसेंबर' असं नाव, हिरवे-लाल आकडे, आमच्या नावाचं खातं. सुरुवातीला नफा म्हणून काही हजार खरोखर जमाही झाले. मग ह्यांनी अडतीचे चुकारे आणि सोसायटीच्या भरण्यासाठी बाजूला ठेवलेले, असे मिळून १ लाख ४० हजार भरले. पैसे दर वेळी वेगळ्याच माणसाच्या खात्यावर मागायचे, एकदा तर कुठल्याशा मोबाईल दुकानाच्या. मुलीनं एका रविवारी ॲप उघडलं तर भाव हलत होता. रविवारी बाजार बंद असतो! रक्कम परत मागितली तेव्हा उत्तर आलं, "आधी नफ्यावरचा १८ टक्के जीएसटी भरा." पुढे पासवर्ड चालेना, फोन लागेना.

गावातल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी मग खरं काय ते सांगितलं. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीनं, म्हणजे शेअर आणि वायदे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सात शेतमालांचे वायदे थांबवले: सोयाबीन, हरभरा, मोहरी, गहू, मूग, बिगर-बासमती धान आणि कच्चं पामतेल. तेव्हापासून त्या बंदीला मुदतवाढच मिळत आली आहे. म्हणजे आमचा सौदा कुठल्याही एक्सचेंजवर, म्हणजे असे सौदे होतात त्या मान्यताप्राप्त बाजारात, गेलाच नव्हता. एक्सचेंजबाहेरच्या अशा सौद्यांना डब्बा म्हणतात. तो कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्यात बुडालेल्या पैशाला एक्सचेंजचं कुठलंही संरक्षण मिळत नाही.

महागाई आवरायला बंदी घातली, ती योग्य की अयोग्य हे जाणकारांनी ठरवावं. मला संताप येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ज्यांच्या मालाचा वायदा बंद झाला, त्या शेतकऱ्यांपर्यंत ही बातमी कोणी आणलीच नाही. आमच्या बाजार समितीच्या फलकावर रोजचा भाव असतो, ओलीची अट असते, पण 'सोयाबीनचा वायदा बंद आहे' ही एक ओळ नाही. पुढं भाव काय राहील ही काळजी बंदी घालून मिटत नाही. तिचाच धंदा ही पोरं करतात.

खरा ब्रोकर रोख पैसे घेत नाही, आणि रक्कम त्याच्याच कंपनीच्या खात्यावर जाते. पॅन आणि केवायसीशिवाय खातं उघडत नाही. सौदा झाला की २४ तासांत कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची लेखी नोंद, यायलाच पाहिजे. सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत ब्रोकरांची यादी आहे, शिकलेल्या पोरांकडून ती पाहून घ्या. पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा; लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आम्ही तक्रार दिली आहे, तपास चालू आहे.

आता हरभरा निघतोय. त्याचाही वायदा त्याच आदेशानं बंद आहे. 'हरभरा एप्रिल' कोणी मोबाईलवर दाखवलं, तर एक रुपयाही देऊ नका, त्या ॲपचा आणि खाते क्रमांकाचा फोटो काढून थेट पोलीस ठाण्यात जा.