पुण्यातली 'स्वच्छ'ची कचरासेवा: पाच रुपयांच्या भांडणानंतर लिहिलेला रिव्ह्यू

एप्रिल आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोनच विषय असतात, पाणी आणि कचऱ्याचे पैसे. पाणी टँकरवाल्याच्या मर्जीवर असतं त्यामुळं त्याला कुणी काही बोलत नाही, सगळा राग निघतो कचऱ्याच्या महिन्याच्या फीत वाढलेल्या पाच रुपयांवर. मी खजिनदार आहे (कुणीच व्हायला तयार नव्हतं म्हणून), तर यंदा पण वाढीचा मेसेज टाकला आणि पाचव्या मजल्यावरच्या काकांचं लगेच उत्तर, "नेमकी कोणती सर्व्हिस सुधारली म्हणून वाढ?" त्याच आठवड्यात नवीन राहायला आलेल्या एका मुलीनं विचारलं की ताई ही स्वच्छवाली सेवा कशी आहे, खासगी टेम्पोवाला लावला तर नाही का चालणार. तिला दोन ओळीत सांगणार होते, मग म्हटलं नीटच लिहू, काका पण वाचतील.

आधी साधी माहिती. स्वच्छ म्हणजे कचरा वेचणाऱ्यांची सहकारी संस्था, तिच्याबद्दल पुढं सांगतेच. रोज सकाळी साडेसात ते नऊच्या मधे दोन ताई येतात, ओला वेगळा, सुका वेगळा, दारातून घेतात. पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात बसून सुका निवडतात, ओला सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात जातो, उरलेला ढकलगाडीतून महापालिकेच्या गाडीपर्यंत नेतात. फी घरटी महिन्याला शंभरच्या आत, मी गोळा करून त्यांच्या हातात देते. फरशी-विटांचा राडारोडा घेत नाहीत आणि घ्यायचं त्यांचं कामही नाही, तरी आमच्याकडं दर बाथरूम रिनोव्हेशनला कुणीतरी सिमेंटचं पोतं हळूच ठेवून बघतं. जुने कपडे, मोडका मिक्सर, गादी असलं काही असेल तर त्यांचा व्ही-कलेक्ट म्हणून वेगळा प्रकार आहे, त्यात देता येतं. सकाळी सातच्या आत घर सोडणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, त्यांनी बादल्या बाहेर ठेवायच्या नाहीतर शेजारी सांगून ठेवायचं.

आता खासगी टेम्पोवाल्याचं. आधी आम्ही जिथं राहायचो तिथं होता एक, नाव कशाला घ्या. यायचा, सगळं एकात एक ओतायचा, निघून जायचा, पाच मिनिटात काम खलास. आम्ही खूष, कारण वेगळं काही करावंच लागायचं नाही. मला तेव्हा कधी डोक्यात आलं नाही की ते सगळं जातं कुठं. उरुळी देवाची नि फुरसुंगीच्या लोकांनी तिथल्या पुण्याच्या कचरा डेपोपायी किती वर्षं आंदोलनं केली, गाड्या अडवल्या, ते पेपरात वाचायचे आणि पान उलटायचे. साधा हिशोब बघा, ठेकेदाराला टनावर पैसे मिळणार असतील तर कचरा जितका जड तितकं बरं, तो कशाला वेगळा करत बसेल? स्वच्छच्या ताईंचं उलट आहे, घराघरातून फी मिळते आणि सुक्यातून जे विकलं जाईल त्याचे पैसे त्यांचेच. म्हणजे त्यांनी जितकं जास्त निवडलं तितकं त्यांच्या पदरात जास्त आणि डेपोवर कमी. ह्या एका गोष्टीसाठी मी डोळे झाकून हीच सेवा घेईन, बाकी सगळं नंतर.

हे मला कळलं कधी तर एकदा गॅस सिलेंडरची वाट बघत खाली पार्किंगमधे अर्धा तास बसले होते तेव्हा. ताई निवडत होत्या, हात इतका झरझर चालत होता की बघत राहावं. दुधाच्या पिशव्या एका पोत्यात, पाण्याच्या बाटल्या दुसऱ्यात, पांढरा कागद वेगळा, रंगीत वेगळा, पुठ्ठा वेगळा, काच, पत्रा. बिस्किटाचे, वेफर्सचे चकचकीत कागद मात्र बाजूला. म्हटलं ते का टाकता, तर म्हणाल्या, "त्याला कोन घेतंय ओ ताई, नुसता दिसायला चांगला." मग एक मोठ्ठा कुरियरचा पुठ्ठा निघाला, एकदम नवा, आणि त्यावर कुणीतरी आमटी ओतलेली. त्यांनी तो उलटापालटा करून बघितला आणि ठेवून दिला. भिजलेल्या पुठ्ठ्याला भाव नाही. म्हणजे वर कुणीतरी आळस केला, दोन बादल्यांऐवजी एकच वापरली, तर तेवढे पैसे ह्यांच्या पदरातून गेले. तो पुठ्ठा आमचाच होता हे मी त्यांना सांगितलं नाही, इथं सांगतेय.

बरं, ह्या ताई कुठल्या कंपनीच्या नोकर नाहीत हे आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नाही. स्वच्छ ही सहकारी संस्था आहे, कचरा वेचणाऱ्यांचीच, ३००० हून जास्त सभासद, बहुतेक बायका, आणि त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. मराठवाडा-सोलापूरकडून १९७२ च्या दुष्काळात आणि नंतरही जी माणसं पुण्यात आली त्यातल्या कित्येक घरांतल्या बायकांना दुसरं काही काम मिळेना म्हणून हे करावं लागलं. जातीचा विषय काढला की ग्रुपवर लगेच "इथं पॉलिटिक्स नको" येतं, पण कचऱ्याला हात कुणी लावायचा हे ह्या देशात आपोआप ठरत नाही एवढं तर कळतं ना.

संस्थेच्या आधी संघटना आली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, १९९३ साली. नाव किती सरळ आहे बघा, जे वेचतो तेच नाव. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून लक्ष्मी नारायण आणि पूर्णिमा चिकरमाने वस्त्यांमधे जात होत्या, त्यातून हे उभं राहिलं, आणि हमाल पंचायतीचे बाबा आढाव पाठीशी होते. पहिली मागणी काय असेल? पगार नाही, ओळखपत्र. कारण पाठीवर पोतं घेतलेली बाई दिसली की पोलीस चोरीचा संशय घ्यायचे, सोसायटीचा वॉचमन हाकलायचा. ते कार्ड महापालिकेनं मान्य केलं म्हणजे पहिल्यांदा कुणीतरी कागदावर मान्य केलं की ही बाई काम करतेय. पुढं त्यांची स्वतःची पतसंस्था पण झाली.

काकांसाठी एक आकडा. २००१ मधे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी पुण्यात एक अभ्यास झाला, त्यात हिशोब मांडला होता की एकेक कचरावेचक महिन्याला २४६ रुपयांचं काम महापालिकेला फुकटात करून देते. तेव्हाचे २४६. सगळ्या वेचकांचा नि सगळ्या वर्षांचा गुणाकार तुम्ही करा, तुम्ही बँकेत होतात. म्हणजे उधारी कुणाकडं कुणाची आहे हे नीट बघितलं तर पाच रुपयांवर बोलायला जरा अवघड जातं.

त्याच सुमारास केंद्र सरकारच्या २००० च्या घनकचरा नियमांनी दारोदार कचरा गोळा करणं आलं. ही मोठी गंमत आहे, कारण कायदा चांगला पण त्यानं ह्यांचंच पोट जाणार होतं, कचरा कुंडीत आलाच नाही तर वेचणार काय? तर ह्या बायका म्हणाल्या की दारोदार आम्हीच जाऊ. आधी थोड्या भागात करून बघितलं, मग २००७ मधे संस्था आणि २००८ मधे महापालिकेशी करार. उकिरड्यावर वाकणारी बाई बेल वाजवून दारात उभी राहिली. त्यानंतरचा करार २०२० च्या शेवटी संपला तेव्हा सगळं ठेकेदाराला द्यायची भाषा सुरू झाली, मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि हे सगळं कधी, तर ज्या वर्षी लॉकडाऊनमधे आपण घरात बसून थाळ्या वाजवत होतो आणि ह्या रोज येत होत्या. त्या काळात भंगारची दुकानं बंद, त्यामुळं निवडलेला माल विकायलाच जागा नाही, काम चालू आणि निम्मी कमाई गायब. पुढं करार झाला, पण टांगती तलवार काय असते ते त्यांना विचारा.

सॅनिटरी पॅडचं सांगायलाच हवं, कारण आमच्या सोसायटीत सगळ्यात मोठं नाटक ह्यावर झालं. स्वच्छची एक साधी मागणी आहे, पॅड किंवा डायपर पेपरमधे गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागत नाही. बस्स. कारण नाहीतर सुक्या कचऱ्यात हात घातला की हातात काय येतं, ह्याचा विचार तुम्हीच करा, आणि रोज करा. मी मीटिंगमधे हा मुद्दा काढला तर एकदम शांतता, चेअरमन मोबाईल बघायला लागले, मग म्हणाले, "हा लेडीजचा विषय आहे, तुम्ही आपापसात ठरवा." डायपर तर त्यांच्याच नातवाचे होते! माझ्या सासूबाई घरी आल्यावर म्हणाल्या, चारचौघात असलं बोलतात का. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच लाल स्केचपेन आणून बाथरूमच्या खिडकीत ठेवलं, काही न बोलता. ते अजून तिथंच आहे.

२०१३ मधे तर ह्या बायकांनी वापरलेल्या पॅडची पोती भरून थेट पॅड बनवणाऱ्या कंपन्यांकडं पाठवली होती, तुमचा माल आहे, तुम्ही बघा काय करायचं ते. मला हे वाचून इतकं भारी वाटलं. टीव्हीवर जाहिरातीत निळं पाणी ओतून दाखवतात आणि खरं काय असतं ते ह्यांच्या हातात. पुढं २०१६ च्या घनकचरा नियमांमधे आलं की कंपन्यांनी पॅडसोबत टाकायला पिशवी द्यावी आणि खर्चाचा वाटा उचलावा. पाकिटं नीट बघत चला, कुठल्यात पिशवी असते नि कुठल्यात नसते.

लिफ्टचं पण लिहितेच. आमच्याकडं लिफ्टमधे कागद चिकटवलेला होता, सामान आणि कचरेवाल्यांनी जिना वापरावा. सात मजले, दोन जिने, ६४ घरं, भरलेल्या बादल्या. कित्येक वर्षं तो कागद मी रोज वाचत होते आणि मला काही खटकलं नव्हतं. खटकलं ते आठ मार्चला. क्लबहाऊसमधे महिला दिन होता, जांभळ्या साड्या, केक, बाहेरून आलेल्या बाईंचं स्त्री सक्षमीकरणावर भाषण, समोशाच्या प्लेटी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सगळ्या प्लेटी, चटणीसकट, केकसकट, फुग्यांसकट एकाच काळ्या पिशवीत, आणि ताई ती पिशवी घेऊन जिन्यानं उतरत होत्या. क्लबहाऊस सातव्यावर आहे. मी लिफ्टमधे होते, दार बंद होताना त्या दिसल्या. पुढच्या मीटिंगमधे ठराव मांडला, पंचेचाळीस मिनिटं चर्चा, वासाचा मुद्दा, मुलांच्या आजारपणाचा मुद्दा (कचरा त्याच मुलांच्या घरचा), शेवटी मंजूर झाला. कागद मी स्वतः खरवडून काढला, थोडा गोंद अजून आहे.

हे फक्त पुण्याचं नाहीये हे मला नंतर कळलं. कोलंबियात बोगोटा शहरात असेच वेचणारे लोक आहेत, रेसिक्लादोरेस म्हणतात त्यांना, आणि त्यांची लढाई कोर्टापर्यंत गेली. शहराच्या कचऱ्याच्या टेंडरमधून त्यांना बाहेर ठेवता येणार नाही असं तिथल्या घटनात्मक न्यायालयानं २००३ मधे आणि परत २०११ मधे सांगितलं. मग २०१३ पासून शहर त्यांना वेचलेल्या मालाच्या वजनावर पैसे देऊ लागलं, म्हणजे भंगारचा भाव वेगळा आणि शहराची सेवा केली त्याचे वेगळे. त्यांची पुढारी नोहरा पाडिया, लहानपणापासून कचरा वेचलेली बाई, तिला त्याच वर्षी पर्यावरणाच्या कामासाठीचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. जगभरच्या वेचकांची पहिली परिषद पण २००८ मधे बोगोटातच झाली होती. मला त्यांचं वजनाचं गणित फार आवडलं, इथंही व्हायला हवं, कारण इथं प्लॅस्टिकचा भाव पडला की ताईंचा महिना पडतो, आणि तो भाव काही त्या ठरवत नाहीत.

तर स्टार द्यायचेच तर मी पाच देईन, फक्त एक लक्षात ठेवा, ही 'पिशवी बाहेर ठेवा नि विसरा' अशी सेवा नाही. घरात दोन बादल्या लागतात, दुधाची पिशवी विसळून टाकावी लागते, फुटलेली काच पेपरमधे बांधून वर लिहावं लागतं, पॅडवर ठिपका काढावा लागतो. दिवसाला तीन-चार मिनिटं जातात, जास्त नाही. दिवाळीला बोनस द्या, पण फी वेळेवर देऊन मग द्या, फी थकवून फराळाचा डबा देणारे लोक आमच्याकडं आहेत. आणि "कचरेवाली आली" असं ओरडू नका, कचरा आपला आहे, ती न्यायला आली आहे, हे आमच्या ताईंनीच माझ्या मुलाला हसत हसत सांगितलं होतं आणि तो आता सगळ्यांना ऐकवत फिरतो.

नवीन आलेल्या मुलीला उत्तर मिळालं असेल. बाकी पाचव्या मजल्यावरचे काका, मागच्या वर्षीची वाढ तुम्ही अजून दिलेली नाही, दर महिन्याचे पाच असे बारा महिन्यांचे साठ रुपये मी माझ्या पर्समधून भरलेत, जीपे करा.