प्रकल्पासाठी देवयानी घ्यावी की मोठा मॅगेलनी मेघ?

एम.एस्सी.च्या प्रकल्पाला अवरक्त (तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचं) खगोलशास्त्र घ्यायचं ठरलं, की कोल्हापुरातली पोरं हमखास देवयानी दीर्घिका धरतात. साहजिक आहे. नोव्हेंबरात अमावस्येच्या सुमारास पन्हाळ्यावर गेलात तर रात्री नऊला ती नुसत्या डोळ्यांनी दिसते, उत्तरेला ६५ अंश उंच. मोठा मॅगेलनी मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेची छोटी सोबती दीर्घिका, इथून दक्षिण क्षितिजावर जेमतेम साडेतीन अंश चढतो, म्हणजे दिसतच नाही म्हणा. तरी माझं मत मेघालाच. विदा (डेटा) दुर्बिणींनी आधीच गोळा केलेली आहे, आपल्याला गच्चीवर जायचंच नाही.

खरा प्रश्न अंतराचा, कारण आपल्याला एकेक तारा सुटा पाहायचा आहे. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, मेघ सुमारे १.६ लाखांवर. स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा होता, त्यामुळे ३.६ मायक्रॉन तरंगलांबीला साधारण २ आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) आतलं तिला सुटं दिसत नसे. एवढ्या कोनात मेघातलं दीड प्रकाशवर्ष मावतं, देवयानीतली जवळपास २५. तिथल्या गर्दीच्या भागात एक तारा म्हणून धरलेला ठिपका घोळका निघू शकतो.

टू-मास या अख्ख्या आकाशाच्या अवरक्त सर्वेक्षणाचं (१९९७–२००१) तेच. त्याची के पट्ट्यातली (सुमारे २.२ मायक्रॉन) मजल साधारण १४.३ प्रतीपर्यंत; प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक. मेघात लाल राक्षसी शाखेचं टोक (फुगलेले लाल तारे त्या टप्प्यात गाठतात ते कमाल तेज) १२ च्या आसपास येतं, म्हणजे त्याहून तेजस्वी, धूळ ओकणारे म्हातारे तारे हाती लागतात. देवयानीत हेच टोक १८ जवळ. संपला विषय! मेघात जे-के रंग (जे आणि के पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक; जास्त म्हणजे अधिक लाल) साधारण १.४ च्या पुढे गेला की कार्बन तारे, म्हणजे वातावरणात ऑक्सिजनहून कार्बन जास्त असलेले, वेगळे पडू लागतात. धुळीत पार बुडालेल्यांसाठी स्पिट्झरचं २००५ चं सर्वेक्षण आहे. सगळं फुकट, आणि असे तक्ते हाताळायचं टॉपकॅट हे सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं.

देवयानीची बाजू अगदीच लंगडी नाही. ती आपल्या आकाशगंगेसारखी मोठी सर्पिल. मेघात जड मूलद्रव्यं सूर्याच्या निम्मीच, त्यामुळे तिथले निष्कर्ष इकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. वेब अवकाश दुर्बिणीचा ६.५ मीटरचा आरसा देवयानीतले तारे सुटे करतो, पण एका वेळी आकाशाचा चिमूटभर तुकडा, आणि प्रतिमांवरची प्रक्रिया किचकट. ते पीएच.डी.ला करा. एम ३३ ही दुसरी शेजारची दीर्घिका देवयानीहूनही थोडी लांब, तेव्हा ती सोडा.

मेघ घेतलात तर एकच पथ्य: वाटेत आपल्याच आकाशगंगेतले तारे घुसतात. गाया उपग्रहाने मोजलेल्या ताऱ्यांच्या गतींवरून त्यांची आधी खुरपणी करा, मगच आलेख काढा.