फॉर्च्युनर २.८ डिझेल ऑटोमॅटिक : हायवेला खरं अ‍ॅव्हरेज किती? (१४ महिने, २७ हजार किमी)

मोठी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती देते?" उत्तरही ठरलेलं असतं, "बारा-चौदा देते आरामात." कोणत्या वेगाला, किती माणसं घेऊन, घाट चढताना की उतरताना, आणि आकडा टाकीवरून काढला की डॅशबोर्डवर वाचला, हे कुणी सांगत नाही. नुसत्या एका आकड्यावर विसंबून घेणारा मग सहा महिन्यांत गाडीत बिघाड शोधायला लागतो. म्हणून इथे प्रत्येक आकड्यासोबत तो कसा काढला तेही लिहिलं आहे.

गाडी ४×२ (इंजिनाची ताकद दोनच चाकांना), ऑटोमॅटिक. २७५५ सीसी, २०४ पीएस, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क, सहा गिअर, ८० लिटरची टाकी. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, शिडीसारखी. माणसं बसल्यावर वजन अडीच टनांच्या आसपास जातं. उंची १८३५ मिमी आणि रुंदी १८५५ मिमी. हे शेवटचे दोन आकडे लक्षात ठेवा. हायवेला डिझेल कुठे जातं ते इंजिनापेक्षा याच दोन आकड्यांवरून जास्त कळतं.

आधी मोजायचं कसं, कारण इथेच बहुतेक हिशेब चुकतात. डॅशबोर्डवरचा आकडा धरू नका. बहुतेक गाड्यांमध्ये तो टाकीच्या हिशेबापेक्षा जास्त दिसतो. या गाडीत फरक ०.५ ते ०.९ किमी प्रतिलिटर येतो, आणि वेग वाढला की फरकही वाढतो. हिशेब टाकी फुल ते टाकी फुलच करायचा. पंप तोच, शक्यतो मशीनही तेच, गाडी सपाट जागी आणि तोंड त्याच दिशेला. डिझेलला फेस येतो. नोझल जोरात दाबलं तर टाकीत दीड-दोन लिटरची जागा असतानाच कट पडतो. म्हणून पंपावरच्या माणसाला धार हळू ठेवायला सांगायचं. पहिला कट पडला की मिनिटभर थांबायचं, फेस बसू द्यायचा, पुन्हा हळू भरायचं आणि दुसऱ्या कटला बंद. गाडी हलवून, गळ्यापर्यंत भरण्याची गरज नाही, दोन्ही वेळा पद्धत एकच असली म्हणजे झालं. ३५० किमीपेक्षा कमी अंतराचा आकडा मी वहीत लिहीतच नाही. २५ लिटर भरताना एक लिटर इकडेतिकडे झालं तर चार टक्के चूक होते, म्हणजे अर्धा किमी अ‍ॅव्हरेज हवेतलं.

दुसरी चूक वेगाची. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त दाखवेल असा बनवलेला असतो. या गाडीत काटा १०० वर असताना जीपीएसवर ९५-९६ असतात. म्हणजे "शंभरला चौदा दिले" म्हणणारा प्रत्यक्षात पंच्याण्णवचा आकडा सांगत असतो. खालचे सगळे वेग जीपीएसचे आहेत. ओडोमीटर त्यापेक्षा खूप बरोबर असतो, पण टायर झिजले की तोही सरकतो. आठ मिमीची नक्षी तीन मिमीवर आली की चाकाची त्रिज्या पाच मिमीने घटते. तेवढ्याच रस्त्यावर ओडोमीटर सव्वा टक्का जास्त मोजतो आणि गाडी जुनी होऊन "सुधारल्यासारखी" वाटते.

आता आकडे. समृद्धी महामार्गाचा सपाट पट्टा, मोठे दोघे आणि डिकीत दोन बॅगा, एसी २४ वर, कोरडा रस्ता, जातानाची आणि येतानाची सरासरी :

८० च्या स्थिर वेगाला १६.५
९० ला १५.२
१०० ला १३.८
११० ला १२.४
१२० ला ११.१

गाडी तीच, चालवणाराही तोच. नुसत्या वेगामुळे साडेसोळाचे अकरा होतात. कारण साधं आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, पण अडथळा सव्वादोनपट. छोट्या, बसक्या गाडीलाही हाच नियम लागू आहे, पण तिचं कपाळ लहान असतं. इथे जवळपास सहा फूट उंच आणि सहा फूट रुंद भिंत हवेत ढकलायची आहे. इंजिनाला याचा काही त्रास नाही. सहाव्या गिअरला १०० च्या वेगाला ते १६०० आरपीएमच्या आसपास फिरत असतं, १२० लाही दोन हजाराच्या आतच. आवाज वाढत नाही, कंप येत नाही, आणि म्हणूनच डिझेल किती चाललंय ते जाणवत नाही.

रुपयांत मांडायचं तर ४०० किमीला १०० च्या वेगाने २९ लिटर लागतात, १२० ने ३६. लिटरला ९० रुपये धरले तर फरक ६३० रुपयांचा, आणि वाचतात ४० मिनिटं. आमणेहून, म्हणजे भिवंडीजवळून, नागपूरपर्यंतचे ७०१ किमी धरले तर सव्वाबारा लिटर जास्त. हलक्या वाहनांना सपाट भागात १२० ची मर्यादा असली तरी माझा वेग १००-१०५ च्या पुढे जात नाही. तेवढ्यात ८० लिटरच्या टाकीत अख्खा महामार्ग होऊन हाताशी भरपूर डिझेल उरतं आणि टायरही कमी तापतात. काँक्रीटवर ही दुसरी गोष्ट पैशांपेक्षा मोठी आहे.

वारा मोजण्यात कुणी धरत नाही, धरायला हवा. समोरून २० किमीचा वारा असेल तर १०० च्या वेगाला गाडीला १२० एवढाच हवेचा अडथळा होतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. नागपूरकडे जाताना गाडी छान देते, परत येताना एक-दीड किमीने पडते. एका बाजूचा आकडा म्हणूनच अर्धवट असतो.

घाटाचा हिशेब वेगळा. मुंबई समुद्रसपाटीला, पुणे साधारण साडेपाचशे मीटरवर. अडीच टन तेवढे वर उचलायला लागणारी ऊर्जा डिझेलमध्ये मोजली तर साधारण एक लिटर भरते, कारण लिटरभर डिझेलमधली जेमतेम एक तृतीयांशाहून थोडी जास्त ऊर्जा चाकांपर्यंत पोचते. त्यामुळे द्रुतगती मार्गाने पुण्याला येताना १२.३ ते १२.५ आणि मुंबईला जाताना साडेचौदाच्या आसपास, असं कायम येतं. "पुण्याहून मुंबईला पंधरा दिले" हे खरं असतं, पण ते गाडीचं नाही, बोरघाटाचं अ‍ॅव्हरेज आहे.

उतारावर न्यूट्रल करू नका. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि डिझेल शून्य लागतं. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतंच, वर सगळा भार ब्रेकवर येतो आणि एवढ्या वजनाला ते लवकर तापतात. पॅडलने तिसरा किंवा चौथा गिअर धरायचा. चढाला उलट : इको मोड काढून टाकायचा. इकोमध्ये अ‍ॅक्सिलरेटर बोथट होतो, माणूस जास्त दाबतो, गिअरबॉक्स दोन गिअर खाली उतरतो आणि बचत तिथेच संपते. सपाट रस्त्यावर इको आणि नॉर्मलमध्ये ०.२ चाही फरक मला मिळालेला नाही. क्रूझ कंट्रोल सपाटीवर उत्तम, पण चढउतारांच्या रस्त्यावर ते प्रत्येक चढाला वेग राखायला झगडतं. तिथे पायानेच चालवावं, चढाला पाच-सात किमी वेग पडू द्यावा.

लोकांना ओझ्याची भीती जास्त वाटते, ती तेवढी खरी नाही. सात माणसं आणि सामान, म्हणजे जवळपास ४०० किलो जास्त, तरी सपाटीवर १०० च्या वेगाला १३.८ चे १३ झाले. टपावरच्या कॅरियरने मात्र खाल्लं. रिकाम्या कॅरियरने ०.६ गेले, ताडपत्री बांधलेल्या सामानासह आकडा ११.९ वर आला. सामान आत कोंबा, पण टपावर नको. प्रवास संपला की कॅरियर त्याच दिवशी उतरवा.

हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी टायर थंड असताना. शंभर किमी चालल्यावर दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. तो पाहून पंपावर हवा काढायची नाही. थंड झाल्यावर टायर कमी भरतो, जास्त दबतो, जास्त तापतो. नायट्रोजनने अ‍ॅव्हरेज वाढत नाही, दाब थोडा जास्त टिकतो एवढंच.

आता अ‍ॅव्हरेज अचानक दीड-दोनने पडलं तर काय बघायचं. सगळ्यात आधी डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. काजळी साठली की गाडी आपोआप जास्तीचं डिझेल टाकून फिल्टर तापवते आणि जाळते. पंधरा-वीस मिनिटं तात्काळ अ‍ॅव्हरेज पडतं, उभ्या गाडीत आरपीएम थोडा चढलेला असतो, गरम वास येतो. हे चालू असताना गाडी बंद केली तर काम अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू होतं. रोज पाच किमी शहरात फिरणाऱ्या गाडीत हे वारंवार होतं, जास्तीचं डिझेल ऑईलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसते. ऑईल वाढलंय म्हणजे चांगलं नाही, ते पातळ झालंय. पंधरा दिवसांतून एकदा अर्धा-पाऊण तास एका लयीत हायवेला चालवली की फिल्टर मोकळा होतो.

दुसरा संशय ब्रेकवर, खासकरून पावसाळ्यानंतर. कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) पिना चिखलाने आणि गंजाने जाम होतात आणि पॅड डिस्कला घासत राहतात. तपासणी सोपी : वीस किमी चालवा, शेवटी ब्रेक न मारता वेग आपोआप कमी होऊ देऊन थांबा, आणि चारही रिमच्या जवळ हात न्या, टेकवू नका. एक चाक इतरांपेक्षा स्पष्ट गरम लागलं की तिथेच अडकलंय. पिना काढून साफ करायच्या, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावायचं, फाटलेलं रबर बदलायचं. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन आणखी घट्ट बसते. याशिवाय एअर फिल्टर, व्हील अलाइनमेंट, आणि टर्बोच्या पाइपची चीर. चीर असेल तर जोरात दाबल्यावर शिट्टीसारखा आवाज आणि काळा धूर येतो.

एसी लावून उभं राहणं हेही हिशेबात धरा. उभ्या गाडीत तासाला लिटरच्या आसपास जातं. धाब्यावर चाळीस मिनिटं ड्रायव्हर एसीत झोपला, तर तेवढ्यात नऊ किमीचं डिझेल गेलं.

कंपन्यांच्या जाहीर आकड्यांशी तुलना करताना एवढं ध्यानात ठेवा की प्रमाणपत्राची चाचणी रोलरवर होते, तिच्यात कमाल वेग ९० चा आणि तोही थोडा वेळ, एसी बंद. समृद्धीवर १२० ने जाणाऱ्याला तो आकडा कधीच मिळणार नाही. २.७ पेट्रोल घ्यायचा विचार असेल तर डिझेलच्या आकड्यांवरून अंदाज बांधू नका. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं, त्याची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणजे सहा-सात टक्के तिथेच जातात.

२७ हजार किमीची माझी एकूण सरासरी, शहरासकट, टाकीच्या हिशेबाने ११.९. फक्त हायवेची १३.१. नक्षी आता पाच मिमीवर आली आहे, त्यामुळे शेवटच्या चार टाक्यांचे आकडे ०.७ टक्क्याने कमी करून धरले आहेत.