पीएम-विद्यालक्ष्मी : विनाजामीन कर्जाचा आमचा अनुभव

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च 2018 मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि त्यांच्यावर चालणारा आमचा ट्रक दारात उभा राहिला. पुढे तो मिळेल त्या किमतीला विकावा लागला. त्यामुळे 2025 मध्ये मुलीला सुरतकलच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश मिळाला, तेव्हा तारण ठेवण्यासारखे आमच्याकडे काहीच उरले नव्हते, कारण राहते घर मुंडकारी हक्काचे (म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर राहण्याच्या हक्काचे) असून त्याची नोंद अजून आमच्या नावावर झालेली नाही.

नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना अशाच कुटुंबांसाठी आहे. सरकारच्या यादीतील निवडक दर्जेदार संस्थांमध्ये गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीन या दोन्हींशिवाय कर्ज मिळते, आणि 7.5 लाखांपर्यंतच्या कर्जात थकबाकी झाल्यास 75 टक्क्यांची हमी केंद्र सरकार घेते. तरीही तालुक्यातील ज्या शाखेत आम्ही प्रथम गेलो, तिथे सरकारी नोकरीतला जामीनदार आणा, असे तीन वेळा सांगण्यात आले. योजनेच्या अटी छापून नेल्या, तरी फाईल पुढे सरकली नाही. बँकेचा बराचसा धोका सरकारने उचललेला असताना मुलांना नातेवाइकांच्या दारोदार फिरायला लावणे मला अन्यायकारक वाटते. दुसऱ्या शाखेतील अधिकाऱ्याने मात्र पोर्टलवरचा अर्ज आमच्यासमोरच वाचला, वसतिगृहाचा खर्च आणि लॅपटॉप कर्जात धरला आणि आठ दिवसांत मंजुरीपत्र दिले. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच आहेत.

व्याजाचा हिशेब आधीच नीट समजून घ्यावा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असल्यास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर अभ्यासक्रमाचा काळ व त्यानंतरचे एक वर्ष यासाठी 3 टक्के व्याजसवलत मिळते. उरलेले व्याज चढतच राहते. दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ घेणाऱ्याला ती मिळत नाही. ज्यांचे महाविद्यालय या यादीत नाही, त्यांनी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी अवश्य करावी.

माझा खरा आक्षेप परतफेडीच्या सुरुवातीला आहे. शिक्षण संपून एक वर्ष झाले की, नोकरी लागलेली असो वा नसो, हप्ता सुरू होतो. ज्या राज्यात कितीतरी पदवीधर पर्यटनाच्या हंगामापुरते काम करून सरकारी भरतीच्या जाहिरातीची वाट पाहत बसतात, तिथे हा एक वर्षाचा काळ फार तोकडा आहे. तो पहिल्या नियमित पगाराशी जोडला जावा, अशी माझी सरकारकडे कळकळीची मागणी आहे. मुलीचे तिसरे सत्र सध्या चालू आहे आणि शुल्काचा प्रत्येक हप्ता आजवर वेळेवर भरला गेला आहे.