फ्रीक्यूसी: फुकट, अचूक आणि नको तितके आज्ञाधारक

भूरसायनशास्त्राची पहिली चार प्रकरणे वाचून झाली की विद्राव्यता गुणाकार, आयनिक तीव्रता, संपृक्तता निर्देशांक (शून्य म्हणजे पाणी त्या खनिजाने संपृक्त, ऋण म्हणजे असंपृक्त, धन म्हणजे अतिसंपृक्त) हे सगळे कागदावर समजलेले असते. मग विहिरीच्या पाण्याचा खरा अहवाल समोर येतो. त्यात आठ-दहा आयन, प्रत्येकाच्या जोड्या आणि संकुले असतात, आणि हाताने गणित सुटत नाही. ही अडचण सोडवायला अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची (यूएसजीएस) फ्रीक्यूसी ही संगणक-आज्ञावली आहे. डेव्हिड पार्कहर्स्ट आणि टोनी ॲपेलो यांची ही निर्मिती, तिसरी आवृत्ती २०१३ ची. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, पैसे लागत नाहीत.

दिसायला मात्र ती रुक्ष आहे. बटणे दाबून काम होत नाही. साध्या मजकुराची फाइल लिहायची, त्यात ‘सोल्यूशन’, ‘इक्विलिब्रियम फेजेस’, ‘मिक्स’ असे विभाग टाकायचे, शेवटी ‘एंड’. विंडोजवर खिडक्यांची आवृत्ती मिळते, पण तीही शेवटी हाच मजकूर तयार करते. मजकूर लिहायलाच शिकावे हे बरे, कारण चुका तिथेच दिसतात.

पहिली चाचणी शुद्ध पाण्याची घ्यावी. तापमान २५ अंश, आणि समतोलासाठी कार्बन डायऑक्साइड वायू. त्याच्यापुढे लिहायचा आकडा म्हणजे आंशिक दाबाचा लघुगणक. आजच्या हवेसाठी सुमारे -३.४. (जुन्या पुस्तकांत -३.५ असतो; तेव्हा हवेत हा वायू कमी होता.) पीएच ५.६ आला पाहिजे. नाही आला तर पुढे जाऊ नका, फाइल तपासा.

आता त्याच विभागात कॅल्साइट (कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचे मुख्य खनिज) घाला, निर्देशांक शून्य ठेवून. पीएच ८.२ च्या आसपास आणि कॅल्शियम किलोमागे अर्धा मिलीमोल, म्हणजे सुमारे २० मिलीग्रॅम. मग वायूचा आकडा -३.४ वरून -२ करा. मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत हा वायू इतका सहज साठतो. पीएच ७.३ वर उतरतो, कॅल्शियम १.६ मिलीमोलपर्यंत चढते. वायू पंचवीस पट वाढला आणि कॅल्शियम जेमतेम तिप्पट, कारण एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट येतात आणि विद्राव्यता आंशिक दाबाच्या घनमुळाप्रमाणे वाढते. पंचवीसचे घनमूळ २.९, त्यावरचा जास्तीचा भाग आयनांच्या सक्रियतेचा (म्हणजे परिणामकारक संहतीचा) आणि संकुलांचा. हे एकदा हाताने करून मग आज्ञावलीशी ताडून पाहणे हा तिचा सर्वांत चांगला उपयोग आहे.

तेच पाणी पुढे गुहेत नेऊन वायू पुन्हा -३.४ वर आणला तर किलोमागे सुमारे १.१ मिलीमोल, म्हणजे ११० मिलीग्रॅम कॅल्साइट खाली बसते. लवणस्तंभ वाढण्याचे गणित एवढेच. आणि ‘मिक्स’ विभागात ही दोन्ही संपृक्त पाणी निम्मी-निम्मी एकत्र करा: मिश्रणाचा कॅल्साइट निर्देशांक ऋण येतो. दोन्ही पाणी आपापल्या जागी चुनखडीशी तृप्त, मिसळल्यावर पुन्हा ती विरघळवायला मोकळे! भूजलाचे दोन प्रवाह भेटतात तिथे पोकळ्या का वाढतात, हे इतक्या थोडक्यात दाखवणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

चुका कुठे होतात? बहुतेक वेळा एककांत. काही सांगितले नाही तर आज्ञावली आकडे मिलीमोल प्रति किलो पाणी धरते. अहवालातले ६० मिलीग्रॅम कॅल्शियम एकक न लिहिता टाकले की ६० मिलीमोल होते, म्हणजे चाळीस पट. तापमान दिले नाही तर २५ अंश, पीएच दिला नाही तर ७. यातल्या कशावरही ती थांबत नाही.

क्षारता त्याहून फसवी आहे. मिलीग्रॅममधला नुसता आकडा ती कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपातला समजते, समतुल्य भार ५०. प्रयोगशाळेने बायकार्बोनेट म्हणून दिला असेल तर भार ६१ असतो आणि उत्तर २२ टक्के चुकते. नायट्रेटचा आकडा ती नायट्रोजन म्हणून वाचते. तिथे चूक ४.४ पटीची. सल्फेट आणि सिलिकाला मात्र ती अनुक्रमे सल्फेट आणि सिलिकाच समजते. हा असमानपणा नवख्याला हमखास पाडतो, म्हणून प्रत्येक घटकापुढे ‘ॲज’ लिहून रूप सांगण्याची सवय लावावी.

खनिजापुढे दोन आकडे असतात: पहिला लक्ष्य निर्देशांक, दुसरा उपलब्ध मोल. दहा मोल द्यायचे म्हणून पहिल्याच जागी १० लिहिले तर तुम्ही दहा अब्ज पट अतिसंपृक्त पाणी मागत असता.

निकालात विद्युतभार-संतुलनाची त्रुटी, म्हणजे धन आणि ऋण आयनांच्या भारातली तफावत, आधी पाहा. पाच टक्क्यांपुढे गेली तर मूळ अहवाल संशयास्पद. ती लपवायला पीएचपुढे ‘चार्ज’ लिहिणे ही वाईट पळवाट, कारण अहवालातली प्रत्येक चूक मग पीएचवर ढकलली जाते. बेरीज जुळवायचीच असेल तर क्लोराइडसारख्या मुबलक आयनावर जुळवा.

खरी मर्यादा आज्ञावलीच्या स्वभावात आहे: ती समतोल सांगते, वेग सांगत नाही. समुद्राच्या पाण्याचा कॅल्साइट निर्देशांक सुमारे ०.७ आणि डोलोमाइट या कॅल्शियम-मॅग्नेशियम कार्बोनेटचा २.४ येतो. डोलोमाइटला परवानगी दिली की ती तो मुकाट्याने खाली बसवते. निसर्गात मात्र त्या तापमानाला मॅग्नेशियमभोवतीचे पाणी सुटत नाही आणि स्फटिकात कॅल्शियम-मॅग्नेशियमची शिस्तबद्ध मांडणी जमत नाही, म्हणून तो बनत नाही. कोणते खनिज बनू द्यायचे हे ठरवणे तुमचे काम. ऑक्सिडीकरण-क्षपणाचेही तसेच. अहवालात अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही असतील तर सुरुवातीच्या गणनेत ते वेगळे राहतात, पण पुढची कोणतीही अभिक्रिया चालवली की दोघांचा नायट्रोजन वायू होतो. ते नको असेल तर अमोनिया वेगळा ठेवणारी ‘ॲम’ विदासंच-फाइल (विदासंच म्हणजे अभिक्रियांच्या स्थिरांकांची यादी) घ्या. वेग हवा असेल तर ‘रेट्स’ विभागात बेसिक भाषेत सूत्र लिहावे लागते. कॅल्साइट, पायराइट आणि फेल्डस्पारची तयार सूत्रे सोबत येतात.

गोड्या पाण्याला मूळ विदासंच पुरतो, जड धातूंसाठी ‘वॉटेक’ किंवा ‘मिनटेक’ पाहावा. मिठागराच्या पाण्याला मात्र ‘पिट्झर’ लागतो, कारण समुद्राच्या पाण्याहून खारे झाले की बाकीच्यांची सक्रियता-सूत्रे भरकटतात. त्या बदल्यात पिट्झरमध्ये ऑक्सिडीकरण-क्षपण नसते. एकाच पाण्याचा निर्देशांक दोन विदासंचांत वेगळा येऊ शकतो, तेव्हा आकडा कुणाला देताना आवृत्तीबरोबर विदासंचाचे नावही लिहा.